खोट्या पडद्यावरचा प्रश्न

सोमवार, ४ मार्च

तीन वर्षांनी वही उघडली. मधली पानं कोरी सोडायची की नाही यावर पाच मिनिटं घालवली आणि शेवटी सरळ पुढच्या पानापासून सुरुवात केली. कोण विचारतंय!

कारण नवीन मशीन. आज आलं. हॉस्पिटलातले सगळे एक्स-रे, सोनोग्राफी, छातीचे नि हाडांचे फोटो यापुढे ह्याच्यात राहणार. दिसायला अगदीच दरिद्री. लोखंडी चपटा डबा, मागून दोन वायरी, एक विजेची, एक नेटवर्कची. पडदा नाही, की-बोर्ड नाही, माउस नाही. मी वर माझ्या लॅपटॉपवर हुकूम टाइप करायचे आणि त्याने तळमजल्यावरच्या बंद खोलीत बसून ते पाळायचे. मशीन शहाणं आहे, तोंड नाही इतकंच.

साहेब म्हणाले, "अठरा तारखेला चालू झालं पाहिजे. सॉफ्टवेअर टाकायला असा काय वेळ लागतो हो? नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश." बोटाने हवेत दाबूनही दाखवलं. मी हसले. दात दिसतील एवढंच हसले.

पहिल्याच प्रयत्नात तोंडावर पडले. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी धरून चाललंय की समोर माणूस बसलाय, पडद्यावर खिडक्या उघडणार, तो वाचणार आणि बटणं दाबणार. इथे पडदाच नाही. 'डिस्प्ले सापडत नाही' एवढं एका ओळीत सांगून ते मेलं. चार वेळा मेलं. कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणते, "मॅडम, स्क्रीनवर काय दिसतंय?" बाई गं, स्क्रीन असती तर तुला कशाला छळलं असतं!

वही लिहायची सवय मास्तरांची, म्हणजे आमच्या संगणक विभागातल्या जुन्या वरिष्ठांची. आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं. म्हणायचे, जे केलं ते त्याच दिवशी लिहा, उद्या लिहिणारा माणूस थापा मारतो. म्हणून लिहितेय. बाकी काही नाही.

मंगळवार, ५ मार्च

आज खोटा पडदा लावला.

उपाय जुनाच आहे. मशीनला सांगायचं, बाबा रे, पडदा आहे हं. नसलेला पडदा त्याच्या मेमरीत मांडायचा, त्याला नंबर द्यायचा. आम्ही कायम नव्व्याण्णव देतो. सॉफ्टवेअर बिचारं विश्वास ठेवतं आणि त्यावर खिडकी उघडतं. खिडकी खरी, बटणं खरी, फक्त जगातल्या कुठल्याही काचेवर ती दिसत नाही. मग आपण अंदाजाने एंटर पाठवायचे. मास्तर आधी साध्या कॉम्प्युटरवर तेच सॉफ्टवेअर टाकून बघायचे, कुठल्या खिडकीला काय दाबलं ते कागदावर उतरवायचे आणि मग तीच बटणं इकडे पाठवायचे. पाच एंटर, एक टॅब, परत एंटर. ओठ हलवत मोजायचे.

मला कसला धीर! म्हणून मी नंदीबैल लिहिला होता. चार ओळींचं प्रोग्रॅमचं पिल्लू, दर दहा सेकंदांनी खोट्या पडद्यावर एंटर दाबायचं. काहीही विचारा, ह्याची मान हो. मास्तरांना तो मुळीच आवडला नव्हता. "अगं, प्रश्न न वाचता हो म्हणणारा गडी दारात ठेवू नये," म्हणाले होते. ते तसे सगळ्यालाच नावं ठेवायचे.

विषय निघालाच आहे तर लिहून टाकते. तीन वर्षांपूर्वी जुन्या मशीनवर मास्तरांनी दुपारी नवी आवृत्ती टाकायला घेतली. सुरुवातीच्या खिडक्या मोजून पार केल्या, मग फायली कॉपी व्हायला लागल्या, त्याला तास लागतात. सहाला ते घरी गेले. सकाळी आलो तर अकरा वर्षांचे फोटो साफ. बॅकअपची डिस्क दीड वर्षात कुणी उघडून पाहिली नव्हती, ती रिकामी निघाली.

चौकशी बसली. जुना साठा पुसण्याआधी सॉफ्टवेअर विचारतं, कुणी 'हो' म्हटल्याशिवाय पुसत नाही. संध्याकाळी सात चाळीसला प्रश्न आला होता आणि आठ सेकंदांत उत्तर गेलं होतं. काम मास्तरांचं. घरून लॅपटॉपवरूनही त्यांना मशीनमध्ये शिरता यायचं, त्यामुळे 'मी सहाला घरी गेलो' हे त्यांचं म्हणणं काही चाललं नाही. आणि आम्ही सगळे एकाच नावाने शिरायचो, पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, त्यामुळे कुणी काय केलं हे मशीन सांगू शकत नव्हतं. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "मी दाबलं नाही." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मला आठवत नाही." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दाबलं असेल." वय झालंय, विसरतात, असं साहेबांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. रिटायर व्हायला तीन वर्षं होती. राजीनामा दिला.

मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की मला काही माहीत नाही. नंदीबैल मी आदल्या आठवड्यातच बंद केला होता. मला पक्कं आठवतं.

एक्स-रेच्या डॉक्टर मॅडम अजून सुनावतात. "हा डाग नवा की जुना, कशावरून सांगू मी? जुना फोटो आणा!" कुठून आणू?

आजची प्रगती शून्य. सॉफ्टवेअर सुरू झालं, लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या फाईलीत, एक ओळ आली आणि गप्प. मेलं नाही, चाललंही नाही. दुपारभर वाट पाहिली.

गुरुवार, ७ मार्च

अजून गप्पच.

औषधांच्या खिडकीपाशी काकू भेटल्या, मास्तरांच्या घरच्या. मी वाट बदलणार होते, पण त्यांनी हाकच मारली. मागे बाकावर मास्तर. वाळलेत. मांडीवर छोटी वही. मी जवळ गेले तर म्हणाले, "कशी आहेस? बरं चाललंय ना?" आणि लगेच खिशातलं पेन काढून वहीत काहीतरी लिहिलं. मी डोकावले. मी भेटल्याचं लिहिलं होतं, वेळेसकट.

काकूंनी मला बाजूला घेतलं. "मेंदूच्या डॉक्टरांकडे आलो होतो. चौथी खेप. ते म्हणतात, काही झालेलं नाही हो तुम्हाला. शंभरातून सात-सात वजा करत खाली येतात, एक चूक नाही. पण ह्यांचा स्वतःवर विश्वासच उरला नाही बघ. कुलूप लावलं की चार वेळा परततात. बाजारात गेले की मी मागे. लेक बाळाला घेऊन आली होती, दोन महिने होती. नातीला एकदा मांडीवर घेतलं नाही गं. म्हणे, मी हिला कुठेतरी ठेवीन आणि विसरून जाईन. अकरा वर्षं पुसली मी, म्हणे, लोकांची. मी म्हटलं, अहो, ते फोटो होते, ही आपली छकुली आहे. ऐकतच नाहीत."

मी आपली "बदाम देत जा भिजवून," म्हणाले. बदाम! माझ्या जिभेला काही हाड?

काकू म्हणाल्या, "देते ना."

वर आले तर हात गार पडले होते. एसीचा दोष असणार, आमच्या खोलीत तो कायम फुल्ल असतो.

शनिवार, ९ मार्च

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आज लक्षात आलं की हल्ली त्या खोट्या पडद्याचा फोटो काढता येतो. आमच्या वेळी जुन्या मशीनवर ती सोय नव्हती, कुणी टाकूच दिली नाही, जादा सॉफ्टवेअर नको म्हणून. नव्यावर मी ती टाकली, फोटो काढला, लॅपटॉपवर आणून उघडला.

काळा पडदा आणि मधोमध एक खिडकी. 'भाषा निवडा.' खाली 'ठीक आहे' आणि 'रद्द'.

एवढंच. मंगळवारपासून ती खिडकी तिथे उभी होती. तळमजल्यावर, कुलूपबंद खोलीत, नसलेल्या काचेवर, भाषा कुठली म्हणून विचारत होती. मी लॉग वाचत होते, कंपनीला शिव्या घालत होते, मशीनला शिव्या घालत होते, आणि ती चार दिवस नम्रपणे उभीच. साधी गोष्ट आहे, हसायला हवं होतं. मला भीती वाटली. लॅपटॉप मिटला आणि परत उघडला.

मग खाली जाऊन आले. काही गरज नव्हती. डब्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता, पंखे घोंघावत होते. मास्तरांची खुर्ची अजून तिथेच आहे, एक चाक तुटलेली. ती दाराकडे पाठ करून होती. शेवटी तिच्यावर कोण बसलं होतं, कुणास ठाऊक, मी तर बसत नाही. वळवून भिंतीला लावली.

घरी नवरा म्हणाला, "चेहरा काय असा? भूत बघितलंस?" मी म्हटलं, "खिडकी बघितली." तो म्हणाला, "मग पडदे लाव." स्वतःच्याच विनोदावर हसला. ह्या माणसाशी मी बारा वर्षं संसार केलाय.

सोमवार, ११ मार्च

आज सरळ काम करायचं ठरवलं. प्रत्येक खिडकीचा फोटो काढायचा, वाचायचा, मग दाबायचं. आठ खिडक्या पार केल्या. नवव्या खिडकीत साठा कुठे ठेवायचा ते विचारत होतं, जुन्या मशीनवर कुठे ठेवलाय ते बघावं म्हणून जुन्यात शिरले. ते अजून चालू आहे बिचारं.

तिथे माझं जुनं फोल्डर. त्यात नंदीबैल. त्याच्या शेजारी त्याची नोंदीची फाईल. मी विसरलेच होते, मीच त्याला सांगितलं होतं की प्रत्येक एंटरला एक ओळ लिही. तारीख, वेळ, आणि 'दाबलं'. मास्तरांचा धाक, दुसरं काय.

फाईल मोठी होती. म्हटलं, पुसून टाकावी, जागा खाते. पुसण्याआधी शेवटची ओळ बघितली.

शेवटची ओळ फोटो गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे. सकाळी ९:०५:१०. दाबलं.

मंगळवार, १२ मार्च

डोकं दुखतंय. ऑफिसला गेले नाही. काही लिहायचं नाही.

बुधवार, १३ मार्च

घड्याळ चुकलं असेल, म्हणून आधी ते तपासलं. बरोबर आहे. दुसऱ्या कुणाचं पिल्लू असेल, म्हणून आत उघडून पाहिलं. माझंच, माझ्या खोडीसकट, मी कायम शेवटी एक रिकामी ओळ सोडते. आठ दिवस आधीपासून दर दहा सेकंदांनी, एक खाडा नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. खोट्या पडद्यावर खिडकी नव्हती तेव्हाही हवेत दाबत होता.

मास्तरांनी काम हाती घेतलं त्या दुपारी तोच पडदा वापरला, नव्व्याण्णव नंबर. त्यांनी मोजून पाच एंटर पाठवले आणि मधले जादाचे ह्याने पाठवले, म्हणूनच त्या दिवशी मास्तर सारखे म्हणत होते की हे आज माझ्या पुढे पळतंय. मला चांगलं आठवतंय ते वाक्य. मी म्हटलं होतं, "मशीन तरुण आहे मास्तर."

तरी खात्री पाहिजे. नवीन मशीनवर दहा-बारा निरुपयोगी फोटो टाकून खोटाच जुना साठा तयार केला. मग सॉफ्टवेअर सुरू केलं आणि नंदीबैल सोडला. दर चार सेकंदांनी पडद्याचा फोटो घेत बसले. खिडक्या येत होत्या, जात होत्या. मग फायलींची पट्टी आली, बराच वेळ सरकत राहिली. मी जेवणाचा डबा उघडला आणि मिटला. पावणेचारला ती आली. पांढरी खिडकी, पिवळं उद्गारचिन्ह.

'जुना साठा सापडला. पुसून नव्याने मांडायचा का?'

'हो'. 'नाही'. 'हो'भोवती आधीच ठिपक्यांची चौकट होती, म्हणजे एंटर दाबलं की 'हो'.

मी वाचलं. पुढचा फोटो येईपर्यंत चार सेकंद. त्यातही ती उभी होती. मी हात पुढे केला, थांबवायला, आणि कुठे नेणार हात? समोर माझ्या लॅपटॉपवर नुसतं चित्र होतं. तिसऱ्या फोटोत खिडकी नव्हती. खालच्या मजल्यावर कुणीतरी हो म्हटलं होतं आणि खोलीत कुणीच नव्हतं.

साठा बघितला. रिकामा.

मास्तरांनी काही केलं नव्हतं. काहीच विसरले नव्हते ते.

नंदीबैल मी आदल्या आठवड्यात बंद केला होता असं मला पक्कं आठवतं, तर मग ते कसं? बहुतेक बंद करायचा हुकूम दिला असेन आणि तो लागू झाला नसेल. होतं असं. आणि दुसऱ्या दिवशी नऊ पाचला तो बंद कसा पडला? कुणी मशीन रीस्टार्ट केलं असेल. तशी नोंद सापडत नाही, पण सगळ्याच नोंदी कुठे राहतात.

गुरुवार, १४ मार्च

नवऱ्याला सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे त्याला कळलं.

"कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. फोटो परत येणार आहेत का? त्यांची नोकरी परत येणार आहे का? रिटायरच झाले असते ना आता? तुझी मात्र जाईल. फ्लॅटचे हप्ते..."

"ते नातीला हात लावत नाहीत," मी म्हटलं.

"काय?"

"त्यांना वाटतं ते विसरतात. ते विसरत नाहीत. हे फक्त मला माहीत आहे. सगळ्या जगात फक्त मला!" मी ओरडले. सासूबाई आतून आल्या, काय झालं म्हणून. नवरा म्हणाला, "काही नाही, ऑफिसचं." सासूबाई म्हणाल्या, "ऑफिसचं ऑफिसात ओरडावं."

थोड्या वेळाने त्याने कप विसळून ठेवला. मग हळूच म्हणाला, "चूकच झाली ना तुझी? मुद्दाम तर नाही केलंस. तसं लिही. चुकून चालू राहिला, असं."

तसंच तर झालंय.

शुक्रवार, १५ मार्च

साहेबांना पत्र दिलं. माझी एक स्वयंचलित प्रणाली चुकून चालू राहिली, तिच्याकडून उत्तर गेलं, संबंधित कर्मचाऱ्याचा दोष नव्हता. पाच ओळी. 'स्वयंचलित प्रणाली'! चार ओळींच्या नंदीबैलाला काय थाट. साहेबांनी दोनदा वाचलं.

"अहो, मिटलेलं प्रकरण कशाला उकरता? त्यांनी स्वतः कबूल केलं होतं."

"चुकीचं कबूल केलं होतं, सर."

"असं कोण करतं?"

 पत्र त्यांनी खणात ठेवलं आणि विचारलं, "अठरा तारखेचं काय?"

अठराचं होईल. आज शेवटची खिडकी पार झाली. एकेक वाचून, एकेक दाबून. सतरा खिडक्या. सॉफ्टवेअर नीट चाललंय, डॉक्टर मॅडमनी पहिला फोटो उघडूनही पाहिला. "स्वच्छ दिसतोय," म्हणाल्या. तीन वर्षांत त्या पहिल्यांदा माझ्याशी गोड बोलल्या आणि मला ते सोसवेना.

घरी येताना सिग्नलला थांबले होते, हिरवा झाला तरी थांबलेच. मागचे हॉर्न मारायला लागले. वाटत होतं की मला कुणीतरी काहीतरी विचारलंय आणि मी उत्तर दिलेलं नाही.

रविवार, १७ मार्च

मास्तरांकडे जाऊन आले. सगळं लिहायचं, आजच लिहायचं.

दुसरा मजला. दारावर आतून एक कागद चिकटवलेला दिसला, दार उघडल्यावर. 'गॅस. नळ. किल्ली.' काकूंनी पाणी दिलं. मास्तर टेबलाशी बसले होते, पेपर समोर. मी नमस्कार करायला वाकले तर पाय मागे घेतले, "असू दे, असू दे."

मी छापून नेलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. दोन रकाने. एकात सॉफ्टवेअरच्या वेळा, दुसऱ्यात नंदीबैलाच्या. सात चाळीस आणि वीस सेकंद, दोन्हीकडे. म्हटलं, "मास्तर, तुम्ही दाबलं नव्हतं. माझ्या नंदीबैलाने दाबलं. तो चालू राहिला होता."

काकू खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. मास्तरांनी चष्मा लावला, कागद जवळ घेतला, लांब धरला. मग खाली ठेवला आणि माझ्या हातावर थोपटलं.

"चांगली पोर आहेस तू. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढं केलंस."

"मास्तर, खरं आहे हे."

"अगं, पण मला आठवतं ना." ते अगदी समजुतीने बोलत होते, मला वाईट वाटू नये म्हणून. "आधी आठवत नव्हतं, मग हळूहळू आठवलं. इथेच बसलो होतो, ह्याच टेबलाशी. ही आत भाजी चिरत होती. लॅपटॉप उघडला तर पांढरी खिडकी आलेली. जुना साठा पुसायचा का? खाली दोन बटणं. मला घाई होती कसली तरी. मी हो वर..." त्यांनी टेबलावर बोट ठेवलं, दाबलं. "रोज दिसतं मला ते. ती खिडकी रोज दिसते."

 पांढरी होती खरंच. पण ह्या सॉफ्टवेअरच्या सगळ्याच खिडक्या पांढऱ्या असतात, आणि प्रश्न तर चौकशीत दहा वेळा वाचून दाखवला होता.

मी काय बोलणार? 'तुम्हाला आठवतंय ते खोटं आहे' हे ह्या माणसाला सांगायचं? त्याच्या आठवणीवर आधीच त्याचा विश्वास नाही, आणि एवढी एकच ठाम आठवण त्याच्याकडे उरलीय. मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

मास्तरांचं बोट टेबलावरच होतं. ते त्याच्याकडे बघत होते.

"लॅपटॉपवर," ते म्हणाले.

मी मान हलवली नाही. 

"घरून आपल्याला नुसती अक्षरं दिसायची." ओठ हलायला लागले, मोजताना हलायचे तसे. "काळ्यावर पांढरी अक्षरं. खिडकी उघडायची ती नव्व्याण्णववर. तिचा फोटो काढायची सोय नव्हती."

"नव्हती, मास्तर."

"मग ती कुणालाच दिसली नसणार."

"कुणालाच नाही."

"मग मी बघितली कुठे?"

खालच्या रस्त्यावर कुणी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. मास्तरांनी कागद परत ओढला. चष्मा कपाळावर सारला, पुन्हा खाली आणला. बोट पहिल्या रकान्यावरून खाली नेलं, मग दुसऱ्यावरून. प्रत्येक ओळीला थांबत होते. काकूंना वाटलं ते रडतायत, त्या जवळ आल्या, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. काम चालू असताना आम्हाला थांबवायचे, तसंच.

"हा तुझा बैल आठ दिवस आधीपासून चालू आहे."

"हो."

"म्हणून ते माझ्या पुढे पळत होतं."

"हो, मास्तर."

"आणि बंद कधी झाला?" बोट शेवटच्या ओळीवर होतं. "नऊ वाजून पाच. दुसऱ्या दिवशी. मशीन रीस्टार्ट झालं होतं?"

"नाही."

"मग हाताने बंद केलाय. नऊ पाचला मी कुठे होतो?"

"साहेबांच्या केबिनमध्ये."

"आणि तू?"

"माझ्या जागेवर."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं."

मी म्हटलं, "मला आठवत नाही, मास्तर."

काकूंच्या हातून तांब्या टेबलावर आपटला. मास्तर उभे राहिले. मला वाटायचं ते ठेंगणे झालेत, झालेले नाहीत.

"ते नाही म्हणायचं!" तो आवाज मी तीन वर्षांत ऐकला नव्हता, संगणक विभागाच्या दोन्ही खोल्यांत ऐकू जायचा तो. "हे वाक्य माझ्या घरात नाही म्हणायचं. मी तीन वर्षं त्या वाक्यात राहिलोय. तू नाही म्हणायचंस. नीट आठव आणि सांग."

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं नाही. "नंतर रड. सांग आधी."

मग मी सांगितलं. माझ्या जागेवरून केबिनची काच दिसते. काचेतून मास्तरांची पाठ दिसत होती, निळा शर्ट, पाठीला घामाने चिकटलेला. साहेब हात हलवून बोलत होते. मी मशीनमध्ये शिरले, काय काय चालू आहे ते बघितलं, आणि यादीत नंदीबैल दिसला. चालू. मला तेव्हाच कळलं. तेव्हाच, पहिल्या सेकंदाला. मी एकदा काचेकडे पाहिलं आणि त्याला बंद केलं. त्या आठवड्यात वही लिहिली नाही, मग लिहिलीच नाही. पुढे कधीतरी मला पक्कं आठवायला लागलं की मी तो आधीच बंद केला होता.

"माहीत होतं," मी म्हटलं.

काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाटलं होतं की मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"हा कागद इथे राहू दे," ते म्हणाले. "आणि तू जा. परत ह्या घरी यायचं नाही."

मी चप्पल घातली. जिन्यात पोचले तोवर आतून त्यांचा आवाज आला. काकूंना लेकीचा नंबर लावायला सांगत होते, बाळ जागं आहे का विचार म्हणाले, आणि मग म्हणाले, नको, थांब, मीच लावतो, मला पाठ आहे.